वस्तऱ्याखालची शांतता

शांतीमास्तर हे नाव त्यांना गल्लीने चिकटवलेलं. मास्तर व्यवसायाने न्हावी, आणि शांततेचा ध्यास सोडला तर स्वभावाने अजिबात शांत नव्हते. टॉवेल वाकडा टांगलेला दिसला तरी त्यांचा पारा चढायचा.

शेजारच्या देशाशी युद्धाच्या गोष्टी सुरू झाल्या आणि मास्तरांनी दाढीबरोबर शिकवणीही सुरू केली. गालाला फेस लावताना युद्धं कशी पेटवली जातात ते सांगायचं, वस्तरा फिरवताना त्यात मरतं कोण आणि गब्बर कोण होतं ते. मग गिऱ्हाइकाची मान मागे टेकवायची, वस्तरा गळ्याशी आणायचा आणि विचारायचं, “मग काय, हवंय का आपल्याला युद्ध?”

“नको,” गिऱ्हाईक ओठ न हलवता म्हणायचं.

या उत्तराने मास्तरांना भरून यायचं. जेवताना बायकोला सांगायचे, “अगं, माणसं मुळात चांगली असतात. नीट समजावलं की पटतं त्यांना.”

या खटाटोपामागे एक काळजी होती. मास्तरांचा एकुलता एक मुलगा सैन्यात ट्रक चालवायचा आणि त्याची तुकडी सीमेकडे निघायच्या बेतात होती. पण हे सांगितलं तर लोक म्हणतील, न्हाव्याला आपल्या पोराची पडलीय. म्हणून त्या बाबतीत ते मूग गिळून बसायचे.

एवढी माणसं आपल्या बाजूची झाली म्हटल्यावर मास्तरांनी जाहीर केलं, रविवारी सकाळी चौकात मुकाट्याने उभं राहायचं. घोषणा नाहीत, धक्काबुक्की नाही, कुणी शिवी दिली तर परत द्यायची नाही. ही शेवटची अट त्यांनी खरं तर स्वतःसाठी घातली होती. बायकोने जुन्या चादरीवर ‘युद्ध नको’ असं ठसठशीत रंगवून दिलं.

रविवारी चादरीचं एक टोक मास्तरांनी धरलं, दुसरं बायकोने. तिसरं कुणी फिरकलं नाही. उलट समोरून युद्धाच्या बाजूचा मोर्चा आला आणि त्यातले बरेचसे गाल मास्तरांनीच गुळगुळीत केलेले होते. सगळ्यात पुढे सेनापती. हे लाकडाच्या वखारीतले निवृत्त कारकून. दुकानाच्या बाकावर पेपर उघडून रोज एक लढाई जिंकायचे, म्हणून सेनापती. आदल्याच दिवशी खुर्चीत त्यांनी स्पष्ट “नको” म्हटलं होतं.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन चादर आपटत म्हणाले, “तोंडावर एक आणि मागे एक. दगाबाज लेकाचे.”

“अहो, गळ्याशी वस्तरा धरून विचारल्यावर दुसरं काय म्हणतील?” बायको म्हणाली. “मी त्या खुर्चीत असते तर हे घरसुद्धा तुमच्या बहिणीच्या नावावर करून दिलं असतं.”

वस्तरा रोजचाच, त्याला कुणी भीत असेल हे मास्तरांच्या डोक्यातच आलं नव्हतं. दिवसभर त्यांना अन्न गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सेनापती जणू काही घडलंच नाही अशा थाटात दाढीला हजर. मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली नाही. स्वतःच बसले, स्वतःच्या गालाला फेस लावला, मान मागे टेकली आणि वस्तरा सेनापतींच्या हातात दिला.

“तुम्ही करा दाढी. आणि युद्ध का हवं ते सांगा. मी मध्ये बोलणार नाही.”

सेनापतींनी सुरुवात झोकात केली. “हे बघा मास्तर, थोडं रक्त सांडल्याशिवाय काही...” तेवढ्यात हात हलला आणि मास्तरांच्या हनुवटीवर लाल रेघ उमटली. सेनापतींच्या तोंडचं पाणी पळालं.

“अहो, लागलं तुम्हाला. तुरटी कुठे ठेवता?”

“थोडंच आहे,” मास्तर म्हणाले. “चालू द्या.”

पण सेनापती मटकन बाकावर बसले. वस्तरा त्यांनी लांब ठेवला. मग सेनापती म्हणाले, “मास्तर, तुम्हाला या युद्धाची एवढी का हो पडलीय?”

न बोलण्याचा शब्द मास्तरांना पाळता आला नाही. “मुलगा तिकडे चाललाय,” ते म्हणाले. “ट्रक चालवतो.” फेस भरल्या तोंडाने त्यांना हुंदका आला आणि त्याची त्यांना फार लाज वाटली.

“कधी बोलला नाहीत ते?”

“तुम्ही म्हणाला असता, न्हाव्याला आपल्या पोराची पडलीय.”

“मग पडू नये का?” सेनापती चिडूनच म्हणाले.

पुढच्या रविवारी सेनापती चौकात आले, ओळखीचं कुणी बघत नाही ना ते चारही बाजूंना पाहून. मास्तरांच्या बायकोच्या हातातलं टोक त्यांनी घेतलं.

“एक सांगून ठेवतो,” ते म्हणाले. “तुमचं मला काही पटलेलं नाही. युद्ध व्हायलाच हवं. मी फक्त तुमच्या पोरासाठी उभा आहे.”

मास्तरांच्या ओठांवर अख्खी शिकवणी आली होती. ती त्यांनी गिळली.

“जरा ताणून धरा,” ते म्हणाले. “लोकांना वाचता आलं पाहिजे.”