आत्यानं भर दुकानात हिशेब मागितला

माझ्या आत्याला सगळे वस्तराबाई म्हणतात. नवरा गेल्यावर त्याचं सलून तिनं चालवायला घेतलं, तेव्हा बाईच्या हातून दाढी कोण करून घेणार, म्हणून लोकांनी नाकं मुरडली होती. आता तेच लोक तिच्या हाती गळा देऊन खुर्चीत घोरतात. अशी बाई आमच्या घरात निघाली याचा मला भारी तोरा आहे, आणि तो मी लपवतही नाही.

दोन नव्या खुर्च्यांसाठी तिनं एका कंपनीकडून कर्ज घेतलं. नेमकी घसरून पडली, मनगट मोडलं, दुकान बंद राहिलं आणि हप्ते थकले. कर्ज खरं, थकबाकीही खरी, आत्यानं ते कधी नाकारलं नाही. पण वसुलीवाल्याची तऱ्हाच वेगळी. तो फोन करून थांबला नाही. हात बरा होऊन दुकान उघडलं, तसा रोज येऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर ठाण मांडायला लागला. शेजारच्याला हळूच म्हणायचा, "बाईंना जरा समजवा हो, लोकांचे पैसे बुडवणं बरं नाही." कुणाला आवडेल असं? माणसं दुसरीकडे दाढी करायला लागली. असंच चाललं असतं तर दुकानाला कुलूप लागलं असतं.

माझे बाबा म्हणजे आत्याचे थोरले भाऊ. अब्रूला जीवापाड जपणारा माणूस. ते म्हणाले, "चारचौघांत शोभा नको. गप्प बस, बोलून बोलून थकेल तो."

"दादा, तो कशाला थकतोय? बोलायचाच पगार मिळतो त्याला," आत्या म्हणाली.

एका दुपारी ती मला घेऊन कोर्टातल्या मोफत सल्ल्याच्या खोलीत गेली. वकीलबाई डबा खात होत्या. त्यांनी आम्हाला बसवलं आणि घास बाजूला ठेवून सांगितलं, "कर्ज फेडावं लागेल, त्यातून सुटका नाही. पण कर्ज काढलं म्हणून कुणी तुमचा मालक होत नाही. त्यानं तुमची बाकी इतरांना सांगायची नाही, धमकी द्यायची नाही, कोर्टाच्या हुकमाशिवाय खुर्चीला हात लावायचा नाही. त्याचं ओळखपत्र मागा, लेखी हिशेब मागा. पावतीशिवाय काही देऊ नका. आणि जो जामीन राहिला नाही, त्याच्याकडे मागायचा त्याला हक्कच नाही."

"आणि मी त्याला बाकावरून ऊठ म्हणू शकते?"

"दुकान तुमचंच आहे ना?"

घरी येईपर्यंत आत्या एकटीच हसत होती.

सुट्टीच्या सकाळी जरा गर्दी होती. बाबाही केस कापायला बसले होते. तो आला आणि बाकावर टेकून शेजाऱ्याच्या कानाशी लागला. आत्यानं एकाची दाढी अर्धवट सोडली, हात पुसले आणि सगळ्यांकडे वळली.

"मंडळी, मी यांच्या कंपनीचं कर्ज घेतलंय. हात मोडला तेव्हा हप्ते थकले. मी ते फेडणार आहे. हेच तुम्हाला सांगायला हे रोज येतात, म्हटलं आज त्यांची पायपीट वाचवावी." कुणीतरी खुदकन हसलं. मग ती त्याच्याकडे वळली. "आता ओळखपत्र दाखवा. आणि मी किती भरले, किती राहिले, ते कंपनीकडून लेखी आणा. तोवर हा बाक गिऱ्हाइकांसाठी आहे."

"कायदा शिकवू नका बाई. खुर्च्या उचलून नेऊ."

"कोर्टाचा हुकूम आणा. दार मीच उघडून धरते."

त्याचा चेहरा पडला, तरी खोड जाईना. बाबांकडे बोट दाखवून म्हणाला, "तुमच्यापेक्षा तुमचे दादा समजूतदार आहेत."

बाबा खुर्चीतून उठले. गळ्याभोवती कापड, केस अजून कापायचेच. "मी याला पैसे देत आलोय," ते म्हणाले. "यानं इथं येऊन बसू नये म्हणून. तरी हा येतोच."

"पावती घेतलीस, दादा?"

"नाही गं. वाटलं, मागितली तर चर्चा होईल."

वसुलीवाला पुटपुटला, "तो माझा येण्याजाण्याचा खर्च होता." तेवढ्यात अर्ध्या गालाला साबण असलेला माणूस म्हणाला, "ऐकलं मी. साक्षीला माझं नाव लिहा." मागोमाग बाकावरचे सगळेच बोलले. मेल्यानं ज्या माणसांपुढे आत्याची बदनामी केली, तीच तिची साक्षीदार झाली. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

आमच्या लेखी तक्रारीवरून त्या माणसाला कंपनीनं काढलं, बाबांचे पैसे कर्जात वळते झाले, हप्ते बांधून मिळाले. दुकान जोरात चाललंय आणि आत्या हप्ता स्वतःच्या कमाईतून भरते. पण माझा ऊर भरून आला तो त्याआधी, वकीलबाईंकडे ती तक्रार लिहिताना. वकीलबाईंनी बाबांना विचारलं, "तुमचं नाव आलं की सगळ्यांना कळेल, तुम्ही कसे फसलात ते. नाव वगळू का?"

बाबांनी आत्याकडे पाहिलं.

"लिहा," ते म्हणाले. "तिनं भर दुकानात सांगितलं. मी निदान कागदावर तरी सांगतो."