कॅराव्हॅनमधलं श्रीखंड

परवा पुण्यात एका लग्नाच्या लॉनवर मोबाइल टॉयलेटच्या निळ्या औषधाचा वास आला आणि हातातली श्रीखंडाची वाटी मी तशीच खाली ठेवली.

नव्वदच्या दशकातली ईदची सुट्टी होती. बाबा आखातात, रुवैसच्या रिफायनरीत होते. त्यांच्या गोऱ्या साहेबांनी स्वतःची कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घरच, वापरायला दिली, ती गाडीमागे जोडून आम्ही चौघं वाळवंटात निघालो. आत ओट्याला लागूनच संडास बघून आईने तोंड वाकडं केलं. त्याची टाकी कागद वापरणाऱ्यांच्या बेताची होती, आणि आम्ही पडलो मगाने पाणी घेणारे. दुपारपर्यंत ती काठोकाठ भरली आणि कच्च्या रस्त्यावर सगळं उसळून बाहेर आलं.

दार उघडलं तर निळसर घाणीत आईने घरून करून आणलेल्या पुऱ्या तरंगत होत्या. श्रीखंडाचा डबा आडवा पडलेला, आणि त्या उकाड्यात वेलचीचा वास घाणीच्या वासात कालवलेला.

"आय ॲम गोइंग टू प्यूक," म्हणत धाकटी बहीण वाळूत पळाली.

स्वयंपाकघरात चप्पलही न चालणारी आई ओढणी कमरेला बांधून आत शिरली. "लोकांची वस्तू आहे. तुम्ही नुसतं पाणी ओता," ती बाबांना म्हणाली. सगळं तिनेच हातांनी उपसलं.

संध्याकाळी पेट्रोल पंपावर बाबांनी खुबूसच्या रोट्या आणि फलाफल घेतलं. साबण संपेपर्यंत धुतलेला हात आईला तोंडाजवळ नेववेना. मग बाबांनीच तिला एकेक घास भरवला.

तेव्हा आम्हा भावंडांना त्याचीही किळस आली होती.