पत्रिकेवरचं खोडलेलं नाव

"नवरदेव मागल्या दारानं आणायचा. आन् तुमचा तो फोटू ओसरीवर मांडायचा न्हाई."

देशमुख पानाला चुना लावत बोलला. वर बघितलंसुद्धा न्हाई. मी पायरीखाली उभा. हातात लेकीच्या लग्नाच्या पत्रिका. पहिली त्यालाच द्यायला आणलेली.

ही आमच्या गावची गढी. निम्मी ढासळली होती. लग्नाला भाड्यानं द्यायची म्हणून देशमुखानं ती नीट करून घेतली. केली मी. मी गवंडी. दोन वर्सं गूळ-बेलफळ घालून चुना घोटला. पुढच्या दाराची कमान माझ्या हातची. देवघराचा गिलावा माझा. तवा हाच माणूस म्हणायचा, "मिस्त्री, चहा घ्या. मिस्त्री, लेकीचं लगीन इथंच करा." मी येडा. खरं धरलं. पूर्णेच्या सोयऱ्यांना शब्द दिला. पत्रिकेत गढीचं नाव छापलं.

मी म्हणलं, "मालक, बाबासाहेबांच्या फोटूपुढंच आमचं लगीन लागतं."

"अरे, गढी दिली हेच लय झालं. तिकडं विद्यापीठाला त्याचं नाव पायजे, इकडं ओसरी पायजे. डोक्यावर बसता का आता?"

बाजूचे दोघं फिदीफिदी हसले. 'मिस्त्री' गेलं, 'अरे' आलं.

मी इचारलं, "देवघर लिंपायला मी कोणत्या दारानं आलतो, मालक?"

पत्रिका न देता मी माघारी फिरलो.

घरी बायको म्हणली, "सोयऱ्यांना काय तोंड दाखवावं? जाऊ द्या मागल्या दारानं. चार घंट्याचं तर काम हाय."

लेक चुलीपुढून उठली. "बा, मागल्या दारानं येणारा नवरा मला नगं. पेन घ्या."

मी दुसरी शिकलेला. अक्षर वाकडं. तरी एकेक पत्रिका घेऊन गढीचं नाव मीच खोडलं. वर लिहिलं, 'भीमनगर, बुद्धइहारापुढं'. त्या दिवसांत विद्यापीठाचं नाव बदला म्हणलं की लोक आमच्या वस्त्या पेटवायचे. मी माझ्या हातानं नाव बदललं.

लगीन वस्तीत लागलं. फोटू सगळ्यांच्या समोर. सोयरे म्हणले, "पाव्हणं, नव्या पत्रिका छापायच्या होत्या. हे खोडलेलं बरं दिसत न्हाई."

बरं दिसू नये म्हणूनच खोडलं. कुणाचं नाव होतं ते वाचता यावं, आन् कुणी काट मारली तेबी कळावं. ज्या घरात आमचा बाप चालत न्हाई, तिथं माझ्या घरचं पाऊल पडणार न्हाई. लगीन असो न्हाईतर मयत.