लोखंडाला राख म्हटल्याबद्दल

मला अजून राग येतो. दीड वर्ष झालं, तरी मंडळाच्या त्या हॉलसमोरून स्कूटर नेताना माझे दात आवळले जातात.

माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती. आमच्या मराठी मंडळाने मुलांचं विज्ञान प्रदर्शन भरवलं होतं. पहिला येणाऱ्याला रायपूरच्या खगोलशास्त्राच्या शिबिराला पाठवणार होते. पोरीला त्या शिबिराशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. विषय तिने घेतला होता, सूर्याहून आठ-दहा पट मोठा तारा कसा मरतो.

मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात बावीस वर्षं ब्लास्ट फर्नेसवर, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीवर आहे. आकाशाकडे बघायची मला सवय नाही. पण तिने मला पोळी खाता खाता समजावलं. ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनचा हेलियम होतो, हेलियमचा कार्बन, असं करत करत शेवटी लोखंड. प्रत्येक वेळी उष्णता सुटते आणि त्या जोरावर तारा स्वतःचं वजन पेलून धरतो. लोखंड जोडायला गेलं की मात्र उष्णता मिळायची सोडून खर्च होते.

"म्हंजे लोखंड ताऱ्याची राख हाय, बाबा. राख साचत गेली का तिले सोताचंच वजन झेपत नाई. पृथ्वीएवढा गाभा एका सेकंदात आत कोसळते. आपल्या भिलाईएवढा होऊन जाते. अन् मंग तारा फुटते."

"आत पडते तं बाहेर कावून फुटते?" मी विचारलं.

तिने उलट मलाच विचारलं, तुमच्या फर्नेसमध्ये असं काही होत नाही का? होतं की! कधी कधी वरून टाकलेला माल मध्येच लटकून राहतो, खाली पोकळी होते. मग तो एकदम कोसळतो. आम्ही त्याला स्लिप म्हणतो. माल पडतो खाली, पण गॅस आणि धूळ उसळते वर, अशी की कान बसतात. पोरगी ताटावरून उठलीच. दोन्हीची कारणं वेगळी आहेत हे तिला कळत होतं, पण स्लिप तिने प्रदर्शनाच्या तक्त्यावर लिहिली.

सुपेल्याच्या बाजारातून तिने एक बास्केटबॉल आणि एक टेनिसचा चेंडू आणला. मोठ्यावर छोटा ठेवून दोन्ही सोडायचे. मोठा म्हणजे गाभा, तो जमिनीवर आपटून उलटतो आणि छोट्याला, म्हणजे ताऱ्याच्या बाहेरच्या थरांना, उडवतो. प्रदर्शनात तो थेट पंख्याला लागला. लोक हसले, पण बघत राहिले.

परीक्षक होते आमच्याच फर्नेसचे निवृत्त साहेब. आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये साहेब निवृत्त होत नसतो. तो आला की आपण उठतो आणि तो बसला की बसतो. साहेबांनी तक्ता वाचला आणि भडकले.

"लोखंडाले राख म्हणते हे पोरगी! याच लोखंडावर तुमचं घर चालते. अन् स्फोट आतल्या प्रेशरनं होते, कोसळून नाई. तीस साल भट्टी पाहिली मी."

ती घाबरली नाही. म्हणाली, गाभा दबून दबून इतका कडक होतो की आणखी दबत नाही, उसळी खातो. त्या उसळीचा धक्का मध्येच अडकतो, तेव्हा गाभ्यातून निघणारे न्यूट्रिनो नावाचे कण त्याला बाहेर रेटतात, असं शास्त्रज्ञ मानतात. साहेब तोवर घड्याळ बघत होते. मग ती माझ्याकडे वळली.

"बाबा, तुमी सांगा ना साहेबाले. स्लिपमधी का होते?"

माझे कान बसवणारी ती स्लिप याच साहेबांच्या शिफ्टमध्ये झाली होती. तेव्हा साहेब आणि मी भट्टीपाशी शेजारी उभे होतो. त्यांना आठवत नसेल यावर माझा विश्वास नाही. कळून-सवरून एका पोरीला खोटं पाडायचं म्हणजे हद्द झाली!

आणि मी? मी उठून उभा होतो, हात मागे बांधून.

"साहेब म्हनतात तं बरोबरच असन," मी म्हणालो.

पहिला नंबर सोडा-व्हिनेगरच्या ज्वालामुखीला मिळाला. साहेबांना शिव्या घालून घालून माझं तोंड दुखलं, मंडळाची वर्गणी मी बंद केली. पण साहेब माझं काय बिघडवणार होते? ना माझी रजा त्यांच्या हातात, ना बढती. नुसती सवय होती. त्या सवयीपायी मी पोरीचं शिबिर घालवलं. याचा संताप कुणावर काढू?

आम्ही घरात मराठी बोलतो. शाळेत, बाजारात, परक्या माणसांशी हिंदी. त्या दिवशी परतताना मी विचारलं, "भूक लागली का वं?"

मागच्या सीटवरून उत्तर आलं, "नहीं, पापा."

तेव्हापासून ती माझ्याशी हिंदीतच बोलते. आईशी अजून मराठीत बोलते.