बिनखिडकीची खोली

क्रूझला जाऊन आल्यापासून मी आमच्या भागातला तज्ज्ञ झालो आहे. सांगलीत माझं ठिबक सिंचनाच्या साहित्याचं दुकान आहे. पूर्वी गिऱ्हाईक येऊन नळीची जाडी विचारायचं, आता जहाजाची लांबी विचारतं. परवा आष्ट्याचा एक ऊसवाला फिल्टरची जाळी घ्यायला आला आणि तासभर बसला. त्याचा पोरगा पुण्यात नोकरीला आहे, त्याने घरच्यांना जहाजावर पाठवायचं ठरवलंय.

"आवं शेठ, तुमी जाऊन आलाय. काय काय बघाय लागतं तेवढं सांगा की."

मी सांगतो. समोरच्याचा उत्साह हळूहळू उतरताना बघायला मला आवडतं. जाहिरातीतला आकडा खरा धरू नका, म्हटलं. त्यावर बंदराचं शुल्क येतं, कर येतो, आणि तुम्ही खूश असा नाहीतर नसा, नोकरांची बक्षिसी आधीच कापून घेतात. खोली नाचगाण्याच्या हॉलखाली घेऊ नका, पार टोकालाही घेऊ नका, तिथं जास्त हलतं. मळमळीची गोळी जहाज सुटायच्या आधी घ्या. पोट ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी पहिली बाहेर येते. समुद्रात रेंज नसते आणि जहाजाचं वायफाय वेगळं विकत घ्यावं लागतं. घरचं खाणं नेऊ नका. रांगेत आमच्या पुढं असलेल्या बाईंची चाळीस धपाटी बंदरावर काढून घेतली, तेव्हा त्या घरातलं कुणी गेल्यासारख्या रडल्या. मी मागं उभा राहून हसलो. आणि वर डेकवर बसायचं असेल तर उजाडताच जाऊन खुर्ची धरा. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकणारी आपलीच माणसं तिथं टॉवेल टाकतात आणि नाश्त्याला निघून जातात.

त्याने सगळं मोबाईलमध्ये टिपून घेतलं. मग जरा घुटमळत म्हणाला, "आन् आयला न्यावं का? ती लय मागं लागलीया."

"न्या की," मी म्हटलं. "तिला आतली खोली घ्या. सगळे तेच करतात."

तो समाधानाने गेला. मी गल्ल्यावर बसून राहिलो. ते वाक्य माझं नव्हतं, मला ते आमच्या एजंटने दिलं होतं. त्या वाक्याने काय केलं हे ठाऊक असूनही मी ते पुढं दिलं. मी किती हलका माणूस आहे, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही.

माझी आई माण तालुक्यात राहते, दहिवडीपासून पुढं आत, आमच्या गावी. चार शेळ्या, दोन खोल्या आणि दर उन्हाळ्यात टँकरची वाट. वडील फौजेत होते. एकदा त्यांची बदली अंदमानला झाली आणि पलटण जहाजाने गेली. तिथून त्यांनी पत्र पाठवलं. आईला वाचता येत नाही, त्यामुळे ते मी वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, पहाटे उजाडताना वर गेलो, चारी बाजूंना पाणी, कुठेच कड दिसत नाही, तुला दाखवलं पाहिजे. आईने ते पत्र माझ्याकडून इतक्यांदा वाचून घेतलं की मी कंटाळून मधल्या ओळी गाळायला लागलो. तिला ते पत्र पाठ होतं. मी ओळ गाळली की ती सांगायची, तिथं अजून हाय.

वडील गेले. ते काही तिला समुद्र दाखवू शकले नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर मी आणि बायकोने मुंबईहून सुटणारी क्रूझ ठरवली. दोन रात्री, मधला एक पूर्ण दिवस समुद्रात, तिसऱ्या दिवशी सकाळी परत मुंबई. बायको म्हणाली, आत्यांना घेऊया. सासूला ती आत्याच म्हणते. आईला फोन केला तर तिने आधी शेळ्या कुणाकडे ठेवायच्या ते ठरवलं. मग म्हणाली, "येते. पण मला उजाडताना न्यायचं हां वर. बाकी काय दावू नगंस, तेवढं दाव."

एवढंच मागणं होतं. आणि उघड्या समुद्रातली पहाट त्या सहलीत एकच होती.

एजंटकडे गेलो. तो म्हणाला, बाल्कनीच्या खोलीत तिसरा पलंग लावता येतो, आईंना तिथंच झोपवा, भाड्यात फारसा फरक पडत नाही. त्याला आमची रीत ठाऊक नव्हती. मुलाचं लग्न झालं की आईने त्याच्या झोपायच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. हे कुणी कुणाला सांगत नाही, पण माझ्या आईने बावीस वर्षं पाळलंय. सांगलीच्या घरी आली तरी ती आमच्या दाराबाहेर उभी राहून हाक मारते. नातवंडं झाली तेव्हासुद्धा तिने पाळणा बाहेरच्या खोलीत आणायला लावला. ती आमच्या खोलीत झोपणं शक्य नव्हतं.

म्हणजे वेगळी खोली आली. आणि जहाजावर एकट्या माणसाने खोली घेतली तरी दोघांचं भाडं पडतं. हा नियम कुठल्या बिनलग्नाच्या माणसावर सूड म्हणून केलाय कुणास ठाऊक. मी चिडलो. तेव्हा एजंट म्हणाला, "मग आतली घ्या साहेब. खिडकी नसते, पण म्हाताऱ्या माणसाला करायचीय काय? सगळे तेच करतात."

मी आमच्यासाठी बाल्कनीची घेतली आणि आईला आतली. बायकोला सांगितलं, आईला चक्कर येते म्हणून तिनेच आतली मागितली. आईला सांगितलं, जहाजाच्या खोल्यांना खिडक्या नसतातच, पाणी आत येतं.

"व्हय की," आई म्हणाली. "मोटारीच्या बी काचा लावतोच की आपण पावसात."

माझं खोटं तिने स्वतःच्या हाताने पक्कं करून दिलं. मला जरासुद्धा भीती वाटली नाही. ती आमच्या खोलीत येणार नव्हती, म्हणून बाल्कनी तिच्या नजरेला पडणार नव्हती. मी आईच्या मर्यादेवर हिशेब बसवला होता आणि तो अगदी चोख होता.

बंदरावर चार तास रांगेत गेले. आई एका खांबाला टेकून उभी होती, कारण खुर्च्या होत्या तिथं लोकांनी बॅगा बसवल्या होत्या. जहाजावर चढल्यावर सगळ्यांना बोलावून लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवलं. आईने ते मन लावून ऐकलं, भाषा कळत नसताना. मग मी तिला तिच्या खोलीत नेऊन सोडलं. पलंग, आरसा आणि चारी बाजूंना भिंत. दाराला कार्ड लावायचं असतं. तिने दोनदा लावून पाहिलं, दोन्ही वेळा लाल दिवा लागला. तिने कार्ड माझ्या हातात दिलं.

"तूच ठेव. मी काय बाहेर जात न्हाई. तू सकाळी ये."

मी म्हटलं, येतो.

संध्याकाळी एकदा वर नेलं होतं तिला. पोहायच्या तलावाभोवती उघडी माणसं, कानठळ्या बसवणारी गाणी, आणि एक माणूस माइकवर सगळ्यांना हात वर करायला सांगत होता. आईने डोक्यावरचा पदर दाताखाली धरला आणि गुडघे सावरत जिन्याकडे वळली. तिला लिफ्टचीही धास्ती होती. तिला खाली न्यायला मला पाऊण तास लागला, त्यात माझं जेवणाचं टेबल गेलं. मी तिच्यावर वैतागलो. "इतकं हळू चालायचं तर घरी बसायचं," असं बोललो. ती पाय उचलायचा प्रयत्न करत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी उजाडायच्या आधीच जागा झालो. झोप लागून राहिली असती तर निदान तसं सांगता आलं असतं. पण मी जागा होतो. बाल्कनीचं दार सरकवलं, बाहेर जाऊन खुर्चीत बसलो. पूर्वेकडे रंग बदलत होता. पाणी कुठं संपतं ते खरंच कळत नव्हतं. वडिलांनी एक शब्दही वाढवून लिहिला नव्हता.

आईची आठवण आली. नाही आली असं कसं म्हणू? दोन मजले खाली, लांब बोळातून चालत जायचं, फार तर पाच मिनिटं. तिला आमच्या बाल्कनीत आणायचं तर माझं खोटं उघडं पडणार होतं. वर डेकवर न्यायचं तर तिच्या चालीने सूर्य वर आला असता, आणि माझी पहाटही बुडाली असती. मी बसून राहिलो. खुर्ची चांगली होती. सूर्य पाण्यातून वर आला तेव्हा मी फोटो काढले, वायफाय घेतलेलंच होतं, एक स्टेटसला टाकला आणि खाली लिहिलं, सुप्रभात.

दहाला आईच्या दाराशी गेलो. ती लुगडं नेसून, वेणी घालून, पायांत चपला अडकवून पलंगाच्या कडेला बसली होती. अंधारात. दिवा लावायचं कळलं नव्हतं असं नाही. ती म्हणाली, "दिवा लावला की उजाडल्यालं कसं कळंल?"

मग म्हणाली, "मोबाईल दहा दावतोय, पर हितं काय उजाडंना. झाली का सकाळ?"

"आज ढग होते," मी म्हटलं. "काहीच दिसलं नाही."

"आसूंदे," ती म्हणाली. "उद्या बघू."

त्या उद्याच्या सकाळी जहाज बंदरात उभं होतं. उतरायच्या दिवशी खोल्या लवकर रिकाम्या करायला लावतात, आठच्या आत बॅगा बाहेर. मी खाली जाऊन आईला घेऊन आलो आणि आमच्या दाराबाहेर बोळात थांबायला सांगितलं. नेहमीसारखं. पण सफाईवाल्याने दार अडकवून उघडं ठेवलं होतं, आणि बायको आत बॅग बंद करत होती. तिच्या मनात काही नव्हतं. तिने सहज हाक मारली.

"आवं आत्या, या की आत. बाल्कनीत बसा, वारं लागंल जरा. चक्कर आली तर मी हाय की."

आई दारातच उभी राहिली. तिने आत पाऊल टाकलं नाही. तिथूनच तिने बघितलं. पलंग बघितला, पडदा बघितला, सरकलेलं काचेचं दार, बाहेरच्या दोन खुर्च्या, त्यांच्यापलीकडे बंदराच्या क्रेन आणि मातकट पाणी. मग माझ्याकडे बघितलं. मी बॅगेचं चाक दुरुस्त करायला लागलो. चाकाला काही झालं नव्हतं.

"उजेड हाय हितं," ती म्हणाली. बस.

मुंबईहून येताना गाडीत ती मागे बसली होती. साताऱ्यापर्यंत तिने काचेला डोकं टेकवलं होतं. मला वाटलं, झोपली असेल. असं वाटून घेणं मला परवडत होतं. तिला सोडायला गावी पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. चार बायका लगेच अंगणात येऊन बसल्या. जहाज म्हणजे काय, खायला काय होतं, उलट्या झाल्या का, सगळं विचारून झालं. त्यांतली एक शेजारची सून. तिने माझं स्टेटस बघितलं होतं, त्याचा स्क्रीनशॉटही काढून ठेवला होता. तिने मोबाईल आईपुढे धरला.

"आजी, ह्यो बघा तुमचा समुद्र. तुमच्या खोलीतनं दिसत हुता व्हय असा?"

आईने मोबाईल दोन्ही हातांनी धरला. ती पहाट ती पहिल्यांदा बघत होती. स्वच्छ, एकही ढग नसलेली. कोपऱ्यात बाल्कनीच्या कठड्याची कड आली होती. आता ती बोलणार आणि गाव ऐकणार, एवढंच मला कळत होतं.

"व्हय," आई म्हणाली. "माझ्याच खोलीतनं काढलाय त्यानं. पहाटं येऊन उठवलं मला, खुर्चीत बसवलं, आंगावर शाल टाकली. मग काढला."

बायकांनी माझ्याकडे बघितलं. एक म्हातारी म्हणाली, असं पोरगं नशिबात असाय लागतं. आईने मान डोलावली. मोबाईलचा उजेड विझला, तिने त्या सुनेकडून परत लावून घेतला, परत बघितलं, आणि मोबाईल देऊन टाकला.

बायका गेल्यावर मी तिच्याजवळ बसलो. मला भरून आलं होतं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटत होतं. आईने मला माफ केलं, असं मी धरून चाललो होतो. म्हटलं, "आई, पुढच्या साली परत जाऊ. तुला बाल्कनीची खोली घेतो. तू माझी लाज राखलीस."

ती शेळ्यांची दावी सोडत होती. तिने मागे वळूनही बघितलं नाही.

"तुझी न्हाई," ती म्हणाली. "माझ्या कुशीला कुनी नाव ठिवू नये म्हनून बोलले. उद्या मी मेल्यावर बी लोकांम्होरं असंच सांग."