नातीचे चार सूर

आता माझ्याच तोंडाने काय सांगायचं… पण चहा ओतलाच आहे, तर ऐका. दोहाला पोराकडे, सुहासकडे आलो आणि भर सभेत नातीची अब्रू घालवली.

नात सई, इंग्रजी शाळेतली. चेलो वाजवते. म्हणजे माणसाएवढं व्हायोलिन, गुडघ्यांत धरायचं. युरोपातलं शेकडो वर्षांपूर्वीचं संगीत, त्याला म्हणे बरोक म्हणतात. इथल्या द पर्ल नावाच्या भागातल्या हॉलात कार्यक्रम. पोरगी हटूनच बसली, "आजोबा, यू मस्ट कम!"

गेलो. पुढे चार पोरी व्हायोलिनवर, मागे कोपऱ्यात आमची सई. 'पासाकाल्या' नावाचा प्रकार सुरू झाला. पुढच्या पोरी काय त्या ताना घेताहेत! आणि आमची? चार सूर. वरून खाली. संपले की पुन्हा तेच चार.

"सुहास, ही अडकली का रे?"

"नाही आबा. त्याला ग्राउंड बास म्हणतात. तिने शेवटपर्यंत तेवढंच वाजवायचं."

"आणि मिरवायचं त्यांनी?"

"आबा, हळू!"

हळू? डोक्यात तिडीक गेली. अहो, जन्मभर मी थोरल्या भावामागे सनईचा सूर धरला. तो वाजवणार, मी गाल फुगवून नुसता एकच सूर ओढणार. फेटा त्याला, पहिली पंगत त्याला. माझं नाव तरी कुणी विचारलं? आणि आता कतारला येऊन नातीच्याही कपाळी तेच?

उठलो. शिकवणाऱ्या बाईंना हिंदीतच सुनावलं, "ओ मॅडम! हमारी लडकी को कोने में बिठाके गधे का काम देते हो? उसको भी बजाने दो!"

सईचा गज थांबला.

आणि मग? एक व्हायोलिन भरकटलं, दुसरं त्याच्या मागे, उरलेल्या दोघी एकमेकींची तोंडं बघत बसल्या. सगळा डोलारा खाली! एक पोरगी तर रडायलाच लागली.

बाई सुहासशी इंग्रजीत काहीतरी बोलल्या. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आबा, ते काम सईने मागून घेतलं होतं. सगळ्यांत पक्की म्हणून बाईंनी तिला दिलं."

सई गाडीतून उतरली. घराच्या दारात म्हणाली, "आजोबा, माझ्या कार्यक्रमाला परत येऊ नका." मी आल्यापासून पोरीच्या तोंडून निघालेलं पहिलं अख्खं मराठी वाक्य!

म्हणजे मी सूर सोडला असता तर थोरलाही असाच आपटला असता? एकदा भर वरातीत सनई तोंडातून काढून बघायला हवी होती! आता तो राहिला नाही. जन्मात एकदाच सूर तोडला, तोही नातीचा.