हस्तलिखित, सिनेमा आणि फुटपाथवरचा हनुमंत

माणसं नोकरी करतात, जेवतात, झोपतात, तोवर सांगण्यासारखं फारसं काही घडत नाही. पण त्यांच्यातल्या एखाद्याला "आपण काहीतरी सांस्कृतिक केलं पाहिजे" असं वाटलं, की किस्से असे साचत जातात की आवरता आवरत नाहीत! बंगळूरच्या आमच्या बसवनगुडीतल्या मराठी मंडळींना तसं वाटलं ते साठ सालच्या आसपास. बहुतेक सगळे सरकारी कारखान्यांतले इंजिनिअर. दिवसभर यंत्रं जुळवायची आणि संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये एकमेकांशी भांडायचं. त्या भांडणातून ठरलं की हस्तलिखित काढायचं. हाताने लिहायचं, हाताने शिवायचं, प्रत एकच, ती घरोघर फिरवायची.

माझं अक्षर बरं, म्हणून लिहिणं माझ्याकडे आलं. मला कुणी विचारलं नाही हं! प्रभुदेसाई घरी आले, माझ्या हातचा चहा प्यायले आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "वहिनींना सांगा, शाई मंडळाची!"

प्रभुदेसाई संपादक. का? तर पहिल्या मीटिंगला टेबलामागची खुर्ची त्यांना मिळाली म्हणून.

*

पहिल्या अंकात तीन कविता होत्या. कवी तीन, नावं तीन. पण तिन्ही कविता माझ्याकडे आल्या त्या एकाच जांभळ्या शाईत आणि एकाच जाड कागदावर. मी विचारलं, "हे कवी राहतात कुठे हो?"

"आहेत. प्रसिद्धीपराङ्मुख आहेत," प्रभुदेसाई छताकडे बघत म्हणाले.

प्रकाशनाला धारवाडहून एक म्हातारे प्रोफेसर आणले होते. त्यांनी अंक खरंच वाचला होता, ही आमची चूक! भाषणात म्हणाले, "यातले पहिले दोन कवी निव्वळ टाकाऊ. त्यांनी तिसऱ्याच्या पायाशी बसून शिकावं!"

टाळ्या पडल्या. प्रभुदेसाईंनी दोन्ही हात वर आणले आणि तसेच हवेत ठेवले. वाजवावेत की नाही, ते काही त्यांना ठरवता येईना.

माझ्या शेजारी त्यांची बायको, उमाताई, बसली होती. ती हळूच म्हणाली, "मला ठाऊकच होतं. तिघांचाही स्वयंपाक मीच करते ना!"

*

अंक चिकटवायला खळ लागते. मैदा शिजवला की झाली खळ, कुठल्याही बाईला विचारा. पण प्रभुदेसाई म्हणाले, "हे रसायनशास्त्राचं काम आहे, बायकांचं नाही." आणि त्यांनी स्वतः खळ केली. त्यात डिंक घातला, गूळ घातला, आणखी काय घातलं देव जाणे. बंगळूरची ती पावसाळी हवा! ओली पानं काही वाळेनात, आणि वाळली तेव्हा संपादकीयाची सगळी पानं एकमेकांना कायमची चिकटलेली!

अंक घरोघर फिरून महिनाभराने परत आला. पानं होती तशीच. कुणीही ती सोडवायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता.

"वाचकांचं काय मत?" प्रभुदेसाईंनी मला विचारलं.

"संपादकीयाबद्दल एकाचीही तक्रार नाही," मी म्हटलं.

ते खूश झाले!

*

एवढ्यात आमच्या मंडळातले राजोपाध्ये जर्मनीहून आले. कारखान्याने ट्रेनिंगला पाठवलं होतं. यंत्राचं काय शिकून आले ते त्यांच्या हाताखालच्यांनी सांगावं, आम्हाला दिसलं ते एवढंच, की डोक्यावर पिसाची हॅट आणि गळ्यात सिने-कॅमेरा. मंडळात जाहीर केलं, "इथल्या रस्त्यांवर कला सांडलीय आणि तुम्ही लोक आंधळे आहात! मी फिल्म काढतो, तुम्ही त्यावर विशेषांक काढा."

पहिल्याच सकाळी ते रांगोळ्या टिपायला निघाले. एका दारात रांगोळी सुरेख होती म्हणून तिथेच वाकून कॅमेरा लावला. घर धारवाडकडच्यांचं. आतून आजीबाई सड्याची बादली घेऊन रांगोळीशेजारचं अंगण शिंपायला आल्या आणि म्हणाल्या, "स्वल्प सरीरी!" म्हणजे, जरा सरका.

राजोपाध्यांना अख्ख्या कानडीतला एकच शब्द येत होता. सरी, म्हणजे ठीक. त्यांना वाटलं, बाई परवानगी देतायत. हात उंचावून म्हणाले, "सरी, सरी!"

"अय्यो, सरीरी!"

"सरी, सरी!"

आजीबाई आणखी किती वेळ थांबणार? मारला सडा! हॅट धुऊन घेतली, पण ते पीस काही पुन्हा उभं राहिलं नाही.

*

मग त्यांना थिएटरामागे एक भिंत सापडली. लाल, पिवळे, निळे फटकारे, एकावर एक. राजोपाध्ये तिच्यापुढे देवळात उभं राहावं तसे उभे राहिले. अर्धी रीळ त्या भिंतीवर खर्च केली आणि विशेषांकासाठी लेख लिहिला, "भिंतीवरचा आक्रोश". तो मी माझ्या हाताने उतरवून काढलाय. अजून मनगट दुखतं!

आमच्यात एक पाटीलअण्णा होते, निपाणीचे. मराठी-कानडी दोन्ही घरचीच. त्यांना राजोपाध्ये ती भिंत दाखवायला घेऊन गेले. तेवढ्यात सिनेमाचे बोर्ड रंगवणारा एक माणूस बाहेर आला, त्याने ओला ब्रश भिंतीवर खसाखसा पुसला आणि आत गेला.

"राजोपाध्ये," पाटीलअण्णा म्हणाले, "हे लोक इथं ब्रश पुसतात हो."

राजोपाध्ये डोळे मिटून म्हणाले, "पाटील, बोलू नका. त्याने आत्ताच भर घातलीय!"

लेख जसाच्या तसा अंकात गेला.

*

विशेषांकाला मुखपृष्ठ हवं होतं. देवळाजवळच्या फुटपाथवर मुनियप्पा नावाचा एक माणूस रंगीत खडू, वीट आणि कोळशाने देव काढायचा. पायऱ्यांएवढा रुंद शिव, चार माणसांनी धरावी एवढी लांब गदा. लोक बाजूने जात, पैसे टाकत. संध्याकाळी पाऊस आला की देव गटारात. सकाळी मुनियप्पा पुन्हा बसायचा. त्याला सांगितलं, सरस्वती काढ.

त्याने कागद हातात घेऊन उलटासुलटा केला. पाटीलअण्णांनी त्याचं बोलणं आम्हाला सांगितलं, "कागद लहान आहे म्हणतोय. देवीला बसायला जागा नाही."

"आमचं जेवढं आहे तेवढ्यात बसव म्हणावं," प्रभुदेसाई म्हणाले.

त्याने जे काढलं ते मी कधी विसरणार नाही. नुसतं देवीचं पाऊल. पैंजण, बोटांतली जोडवी आणि खाली हंसाचा पंख. इतकं जिवंत, की त्याच्यावर हात ठेवताना मला संकोच वाटला.

कमिटी बसली. प्रभुदेसाईंनी चष्मा पुसून विचारलं, "बाकीची देवी कुठाय?"

"ती पुढच्या अंकात येईल," पाटीलअण्णा म्हणाले.

प्रभुदेसाईंनी तसं खरंच मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहून घेतलं!

*

आता फिल्मच्या खेळाचं सांगते.

राजोपाध्यांनी एका रविवारी नवी रीळ घालून सकाळभर मुनियप्पाची फिल्म घेतली होती. हनुमंत काढायला लावला. ऊन गेलं की थांबवायचे, ऊन आलं की "चलो, हाथ चलाओ!" मुनियप्पाने पाटीलअण्णांकरवी एकच विचारलं, ह्याने काय होणार? राजोपाध्ये म्हणाले, "त्याला सांगा, पाऊस येऊ दे नाहीतर पूर, हे चित्र आता पुसलं जायचं नाही. त्याची नातवंडं बघतील!"

"निज्जाना?" मुनियप्पाने विचारलं. खरंच का? परत एकदा विचारलं. मग पुन्हा खाली बसला आणि त्याने शेपटीवरचा एकेक केस काढला. तसा हनुमंत त्याने आधी कधी काढला नव्हता. त्याच संध्याकाळी पाऊस झाला.

रीळ धुवायला मुंबईला गेली, परत आली. राजोपाध्यांनी ती लावून बघितलीसुद्धा नाही. "प्रमुख पाहुण्यांच्या आधी कुणीही बघायची नाही. माझी मीसुद्धा नाही!"

खेळाच्या संध्याकाळी मुनियप्पा धुतलेला शर्ट घालून आला. बरोबर बायको, केसांत अबोलीचा गजरा. प्रभुदेसाईंनी त्यांना मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. पाटीलअण्णा उठले, दोघांना पहिल्या रांगेत घेऊन गेले आणि स्वतः मध्ये बसले.

दिवे मालवले. यंत्र खरखरलं. पडदा काळा. आम्ही थांबलो. पडदा काळाच.

ह्यांनी माझ्या कानात सांगितलं, "झाकण!" त्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. भिंगावरचं झाकण काढायला विसरलं तरी फिल्म घेणाऱ्याला सगळं छान दिसत राहतं. फिल्मवर मात्र नुसता काळोख!

राजोपाध्ये यंत्राशेजारी उभे होते. त्यांना कळलं होतं, न कळायला काय झालं? दुसऱ्या कुणी माफी मागितली असती. ह्या माणसाने घसा खाकरला आणि बोलायला लागला! "हं. आता हा वीट उगाळतोय. आता बाह्यरेषा. बघा हाताचा वेग! आता गदा. आता डोळे..."

प्रमुख पाहुणे मान डोलवत होते. कुणीतरी "वा!" म्हणालं. मला चीड आली, इतकी की तिथून उठून जावंसं वाटलं. पाटीलअण्णा मात्र खालच्या आवाजात एकेक वाक्य कानडीत सांगत होते आणि ती दोघं मान वर करून त्या काळ्या पडद्याकडे बघत होती.

रीळ संपली, दिवे लागले. हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघेना. प्रभुदेसाई आभाराला उठले. तेवढ्यात मुनियप्पाची बायको पाटीलअण्णांकडे वळून काहीतरी बोलली.



"काय म्हणतेय ती?" राजोपाध्ये खेकसले.

"आणखी एकदा लावा म्हणतेय."

मुनियप्पानेही होकाराची मान हलवली, आणि दोघं पुन्हा नीट सरसावून बसली.